गाव दाखवणारं माणूस

अंबरनाथच्या शिवमंदिरात शिरलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या वालधुनी नदीच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. आम्ही चौघी मुखमंडपात अंग चोरून उभ्या. छत्र्या मिटल्या, ओढण्या पिळल्या, पाऊस ओसरायची वाट बघू लागलो. शेजारी एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या सातआठ वर्षांच्या मुलाने वर बघत विचारलं, "बाबा, हे कोणी बांधलं?"

"पांडवांनी. एका रात्रीत."

"मग वरचं का नाही बांधलं?"

"उजाडलं ना! मग तसंच सोडून गेले."

हे उत्तर मीही लहानपणी ऐकलेलं आहे. कोकणपट्टीत नि घाटावर ज्या जुन्या देवळाचा कर्ता माहीत नाही ते पांडवांनी बांधलेलं असतं, आणि जे अर्धवट राहिलं ते कोंबडा आरवल्यामुळे. गोष्ट म्हणून छान आहे. पण या देवळाचा कर्ता माहीत आहे, सालसुद्धा माहीत आहे. ते त्या मुलाला कोणी सांगायचं?

आमच्यातल्या 'अंबरनाथ'ने सांगितलं. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली नि म्हणाली, "बाळा, पांडवांची गोष्ट आहेच. पण खरं बांधलं ते शिलाहार राजांनी. इथे दारावरच्या तुळईवर लिहून ठेवलंय. शके ९८२. म्हणजे सन १०६०. आता तूच वजाबाकी कर, किती वर्षं झाली ती."

मुलगा बोटांवर हिशेब करायला लागला. बोटं पुरेनात. त्याचे वडील जवळ सरकले. मग कॉलेजातली तीन मुलं कानातली बोंडं काढून आली. पाच मिनिटांत त्या मंडपात आठदहा माणसं आमच्या मैत्रिणीभोवती गोळा झाली होती आणि बाहेर पाऊस तसाच चालू होता. त्या दिवसापासून जे मनात घोळतंय ते लिहायला बसले आहे.

आधी आमची ओळख. आम्ही चौघी ट्रेनच्या मैत्रिणी. बदलापूरहून सकाळी सातच्या सुमाराला सुटणारी फास्ट, मधला लेडीज डबा, एकोणतीस वर्षं. ट्रेनच्या ग्रुपमध्ये नावापेक्षा स्टेशन पक्कं असतं. कोण कुठे चढते, कुठे उतरते यावरच सीटचा सगळा व्यवहार चालतो. म्हणून मी बदलापूर, एक अंबरनाथ, एक विठ्ठलवाडी आणि कर्जत लोकलने येऊन बदलापूरला गाडी बदलणारी वांगणी. डब्यात आम्ही भाज्या निवडल्या, हळदीकुंकवं केली, डोहाळजेवणं केली, एकमेकींच्या सासवांच्या आजारपणांत रडून घेतलं. आता चौघी निवृत्त. मी फोर्टातल्या बँकेतून, बाकीच्या कोणी शाळेतून, कोणी सरकारी कचेरीतून. महिन्यातून एकदा भेटायचं हे ठरलेलं आहे आणि पावसाळ्यात ते चुकत नाही.

इतकी वर्षं अंबरनाथ स्टेशनावरून रोज दोनदा गेले, पण देऊळ बघायला उतरले ती फक्त महाशिवरात्रीला. त्या दिवशी जत्रेची रांग एवढी की डोळ्यांपुढे दिसते ती पुढच्या बाईची पाठ. भिंतीकडे बघायला उसंत कुठली? पंचवीस मिनिटांच्या अंतरावर साडेनऊशेहून जास्त वर्षांचं देऊळ, आणि मी त्याची भिंत साठी उलटल्यावर नीट पाहिली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे सगळं सुरू झालं ते 'अंबरनाथ'च्या परदेशवारीमुळे. तिची लेक इंग्लंडात ब्रिस्टलजवळ राहते. गेल्या वर्षी ही दोन महिने तिच्याकडे राहून आली. लेकीने नि तिच्या मैत्रिणींनी मिळून तिला एक दिवस बाथला नेलं. बाथ म्हणजे नावाप्रमाणे स्नानाचं गाव. जमिनीतून गरम पाण्याचा झरा येतो, त्यावर रोमन लोकांनी स्नानगृहं बांधली. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं डोळ्यांपुढे आणा. सबंध गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं. आणि दिवसभर पाऊस. आपल्यासारखा धो धो नव्हे, दिवसभर चाळणीतून गाळल्यासारखा. हिला वाटलं, आता परत फिरणार. तर चर्चसमोरच्या चौकात रेनकोट घातलेला सत्तरीचा एक गृहस्थ उभा. त्याच्याभोवती छत्र्यांचा घोळका. त्याने दोन तास त्यांना गाव पायी दाखवलं. शेवटी हिने पर्स उघडली तर त्याने हात जोडल्यासारखं करून नको म्हटलं. ते पैसे घेतच नाहीत. बक्षिसीसुद्धा नाही.

बाथमध्ये हे १९३४ पासून चालू आहे. तिथल्या महापौरांच्या नावाने चालणारं मानद वाटाड्यांचं पथक आहे. गावातलीच माणसं, बहुतेक निवृत्त. यॉर्कमध्येही असंच स्वयंसेवकांचं मंडळ १९५१ पासून आहे. ही माणसं आपल्या गावाचा अभ्यास करतात, शिकतात आणि मग पाहुण्यांना फिरवतात. पाऊस आहे म्हणून फेरी रद्द होत नाही. इंग्लंडात पावसाला थांबायचं म्हटलं तर घराबाहेर कधी पडायचं?

त्या गृहस्थाने तिला दाखवलेली एक गोष्ट तिने आम्हाला तीनदा सांगितली. बाथमध्ये चंद्रकोरीसारखी वळलेली तीस घरांची एक ओळ आहे, रॉयल क्रेसेंट, १७६७ ते १७७४ या काळात बांधलेली. समोरून बघावं तर तीसही घरं एकसारखी, खांबाला खांब, खिडकीला खिडकी. सगळे तिथेच फोटो काढतात नि जातात. हा माणूस त्यांना भर पावसात मागच्या गल्लीत घेऊन गेला. मागून एकही घर दुसऱ्यासारखं नाही. कोणाची भिंत पुढे आलेली, कोणाचं छप्पर उंच, कोणाची खिडकी भलतीकडेच. समोरचा दर्शनी भाग वास्तुविशारदाने ठरवला आणि मागचं ज्याने त्याने आपल्या कुटुंबाला लागेल तसं बांधून घेतलं. "अगं, मी एकटी गेले असते तर मागे गेलेच नसते," ती म्हणाली. "माणूस होता म्हणून कळलं."

परत आल्यावर तिने घरापासून दोन किलोमीटरवरच्या देवळाबद्दल जमेल ते वाचून काढलं आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी आम्हाला बोलावलं. श्रावणी सोमवारची गर्दी टाळायची म्हणून आषाढातला गुरुवार.

आता देवळाबद्दल. सगळ्यांना एकच विनंती आहे, ते पावसातच बघा. हा आपला सह्याद्रीचाच काळा दगड. उन्हाळ्यात तो धुळकट करडा होतो आणि कोरीवकाम सपाट दिसतं. भिजला की गर्द काळा होतो आणि प्रत्येक कडेवर पाण्याची रेघ चमकते. बाहेरच्या भिंतीवर एक सुंदरी आहे, मान किंचित कलती. पाणी तिच्या केसांच्या अंबाड्यावरून खांद्यावर, खांद्यावरून कोपरावर आणि कोपराच्या टोकावरून थेंब थेंब खाली. ते थेंब खालच्या हत्तींच्या रांगेवर पडत होते. देवळाच्या पायाला हत्तींचा पट्टा फिरतो, गजथर. त्या मुलाने हत्ती मोजायला घेतले, सत्तेचाळिसाला चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सत्तेचाळीस हत्ती बघणारा मुलगा मी त्या देवळात पहिल्यांदाच पाहिला.

'अंबरनाथ' सांगत होती आणि आम्ही तिच्यामागे फिरत होतो. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे तीन भाऊ एकामागून एक गादीवर आले. लेखात शेवटच्या भावाचं, मुम्मुणीचं नाव माम्वाणी असं येतं. हा लेख आधी शके ७८२ असा वाचला गेला होता, म्हणजे देऊळ दोनशे वर्षांनी जुनं ठरलं होतं. पुढे अभ्यासकांनी एक आकडा दुरुस्त केला. दगडावरचा एक आकडा झिजला की दोनशे वर्षं इकडची तिकडे होतात, हे तिने सांगितलं तेव्हा कॉलेजच्या मुलांपैकी एक म्हणाला, "म्हणजे अजून कुठे कुठे चुकलं असेल ना?" असा प्रश्न पडावा यासाठीच तर जुनी देवळं बघायची असतात.

सभामंडपातून आत गेलं की वीसेक पायऱ्या खाली उतरून गाभारा. वरचं शिखर पूर्ण नाही, मंडपाच्या थोडं वर जाऊन थांबतं. अंबर म्हणजे आकाश, म्हणून अंबरनाथ, असा लोक नावाचा अर्थ लावतात. खाली उभं राहिलं की पावसाचा आवाज विहिरीत ऐकू यावा तसा ऐकू येतो. तिथे कोणी बोलत नव्हतं. वांगणीने डोळे मिटले होते.

१८६८ साली मुंबईच्या कलाशाळेचे प्रमुख टेरी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे आले होते. त्यांनी देवळाची मोजमापं घेतली, रेखाटनं केली, शिल्पांचे साचे काढले. बोरघाटाकडे जाणारी गाडी तेव्हा बारा वर्षांपूर्वीच इथून धावू लागलेली होती. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईचे विद्यार्थी गाडीच्या वाटेवरच्या या देवळात मुक्काम ठोकून पेन्सिलीने एकेक हत्ती काढत बसले. आज मुंबईच्या किती शाळांच्या सहली अंबरनाथला येतात? सहली वॉटरपार्कला जातात.

देवळाच्या कडेने वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरात उगम, तिथे रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेला जीआयपी तलाव, मग अंबरनाथ, मग उल्हासनगर, मग कल्याणची खाडी. पावसाळ्यात ती नदी दिसते. बाकीचे आठ महिने तिचं काय होतं ते या तीन शहरांतल्या प्रत्येकाच्या नाकाला ठाऊक आहे. २०१४ मध्ये कोणीतरी टँकरमधून तिच्यात रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं गुदमरून रुग्णालयात गेली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा खटला 'वनशक्ती' या संस्थेने हरित लवादापर्यंत नेला. गाव दाखवायचं तर हेही दाखवायला हवं. ज्या नदीच्या काठी राजाला देऊळ बांधावंसं वाटलं तिची आपण काय गत केली, हे देवळाच्या पायरीवरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठून दिसत नाही. पाहुण्याला फक्त हत्ती दाखवून परत पाठवणं मला पटत नाही.

अंबरनाथहून रिक्षाने उल्हासनगरचा पाच नंबर कॅम्प फार लांब नाही. आता पुढे व्हायची पाळी विठ्ठलवाडीची. ती सिंधी, चार नंबर कॅम्पात वाढलेली, आणि आमच्या चौघींत सगळ्यांत शुद्ध मराठी तिचं. पाच नंबरला चालिया साहिबाचं मंदिर आहे. जुलैच्या मध्यापासून चाळीस दिवस सिंधी लोक झूलेलालचं व्रत करतात, चालिहो म्हणतात त्याला. झूलेलाल हा पाण्याचा देव. सिंधमधून आणलेली ज्योत इथे अखंड तेवते, असं मंदिरातली माणसं सांगतात. ओल्या चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो. फाळणीत माणसं घरदार, शेती, दुकानं सोडून निघाली, आणि कोणीतरी विझू न देता एक ज्योत सांभाळत आणली, ही कल्पनाच मला पेलवेना. मी गुपचूप डोळे पुसले. विठ्ठलवाडीने पाहिलं, पण काही बोलली नाही.

मग दाल-पकवान. त्यावर थोडं लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पकवान म्हणजे जिरं-ओवा घातलेली मैद्याची कडक पुरी, हाताच्या पंजापेक्षा मोठी, टोचे मारलेली, म्हणून फुगत नाही. दाल हरभऱ्याची, आख्खी राहिलेली पण बोटाने दाबली तर लोणी. त्यावर चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. पावसाळी हवेत दुपारपर्यंत पकवान सादळतं, म्हणून सकाळीच खायचं असतं. आम्ही उशिरा पोचलो तरी दुकानदाराने डब्याच्या तळातली चार कडक पकवानं काढून दिली. फुटपाथवरच्या ताडपत्रीखाली उभ्याने खाल्ली.

उल्हासनगरबद्दल बाहेरच्यांना माहीत असतं ते जीन्स, फर्निचर आणि नकली मालावरचे विनोद. आणि बेकायदा इमारतींच्या बातम्या. त्या बातम्या खऱ्या आहेत. २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. पण गावाची सुरुवात कोणी विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी इथे कल्याण कॅम्प उभारला. बराकींच्या रांगा, पाच भाग. फाळणीनंतर लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित या बराकींत आणून उतरवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि नदीच्या नावावरून गावाचं नाव उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे शब्द मात्र आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, माणसं पत्ता सांगताना अजून छावणीचा नंबर सांगतात.

विठ्ठलवाडी आम्हाला एका गल्लीत घेऊन गेली. दोन्ही बाजूंना चारपाच मजली इमारती, आणि मध्ये एक जुनी बराक शिल्लक. जाड भिंत, रंगावर रंगाचे थर. उतरत्या छपराचा अर्धा भाग पत्र्याचा, अर्ध्यावर निळं प्लास्टिक, त्यावर जुने टायर ठेवलेले. एका बराकीत अनेक कुटुंबं. मध्ये गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे. मग पडद्याच्या जागी पत्रा आला, पत्र्याच्या जागी वीट. कोणी पुढे ओटा काढला, कोणी मागे मोरी, कोणी वर माळा चढवला. अंबरनाथ एकदम म्हणाली, "अगं, हे तर बाथच! समोरून एक ओळ, मागून ज्याचं त्याचं." तेव्हा मला तिची ती तीनदा ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा कळली.

विठ्ठलवाडीची आई पंच्याऐंशीची आहे. सिंधमधून आली तेव्हा आठ वर्षांची. तिने मुलीला सांगितलेलं असं: बायका बराकीच्या ओट्यावर पापड लाटायच्या, पुरुष ते पापड आणि गोळ्या-बिस्किटं गाडीत विकायचे, आणि पोरं कागदाच्या पिशव्या चिकटवायची. पण तिच्या आठवणीत सगळ्यांत घट्ट बसलाय तो पाऊस. सिंधमध्ये पाऊस म्हणजे वर्षाकाठी चार सरी. इथे जूनमध्ये सुरू झाला तो थांबेचना. पहिल्या आठवड्यात पोरं नाचली. दुसऱ्या आठवड्यात घाबरली. तिची आजी रोज पहाटे दारात येऊन बघायची आणि विचारायची, इथला पाऊस कोणी बंद करत नाही का? पीठ ओलं, लाकडं ओली, अंथरुणं ओली. लाखभर माणसांनी आयुष्यातला पहिला कोकणी पावसाळा परक्या मुलखात, सैन्याने टाकून दिलेल्या छपराखाली काढला. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं आहे? मी तरी पाहिलं नाही. ज्यांनी तो पावसाळा पाहिला ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. दर वर्षी काही कमी होतात. माझी घाई त्यासाठी आहे.

दुपारी विठ्ठलवाडीहून गाडी पकडून बदलापूरला आलो. आता माझी पाळी, आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. देऊळ नाही, बराक नाही, मी काय दाखवू? बदलापूर म्हणजे घोडे बदलायचं ठिकाण, ही आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. ती मी आख्यायिका म्हणूनच सांगितली. मग मी त्यांना 'ग्रंथसखा'त नेलं. श्याम जोशी यांनी ध्यास घेऊन उभं केलेलं हे वाचनालय. जुनी दुर्मीळ मराठी पुस्तकं, मासिकं बदलापूरसारख्या गावात आहेत हे वांगणीला शेजारी राहून माहीत नव्हतं.

आणि शेवटी हेंद्रेपाड्यात माझ्या घरी. चहा ठेवला आणि त्यांना बाहेरच्या खोलीतली भिंत दाखवली. दाराच्या चौकटीशेजारी पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे, माझ्या खांद्याच्या जरा खाली. २६ जुलै २००५ ची, नवऱ्याने ओढलेली. उल्हास घरात आली होती. घराला किती वेळा रंग दिला, पण त्या वीतभर जागेला ब्रश लागू दिला नाही. तिच्याखाली दुसरी रेघ, २७ जुलै २०१९. त्याच्या आदल्या रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजाराच्या वर प्रवासी. दुसऱ्या दिवशी होड्यांनी त्यांना बाहेर काढलं. टीव्हीवर सगळ्या देशाने ते पाहिलं. वांगणीने तेव्हा शेजारणींबरोबर पोळ्या लाटून पाठवल्या होत्या, हे तिने त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं रोज भेटत होतो, पण गाडीच्या गडबडीत राहून गेलेलं.

आता माझं म्हणणं. बदलापूर परिसरात पावसाळ्यात माणसं येत नाहीत असं कोणी म्हणू नये. हजारोंनी येतात. कोंडेश्वरला जातात, बारवीच्या रस्त्याला जातात, धबधब्याखाली उड्या मारतात. दर पावसाळ्यात बुडालेल्या पोरांच्या बातम्या येतात, मग बंदीचा आदेश निघतो, मग पोरं आडवाटेने जातात. पावसात बाहेर पडायची ओढ आदेशाने थांबत नाही. तिला दुसरी एखादी वाट द्यायला हवी. स्टेशनवर उतरलेल्या पोराला कोणी सांगितलंच नाही की इथे धबधब्याशिवाय काही आहे, तर तो कुठे जाईल?

म्हणून मी मागते आहे ते बाथसारखं साधं काम. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन नगरपरिषदा, तिघांनी मिळून गाव दाखवणाऱ्या स्वयंसेवकांचं एक पथक उभं करावं. निवृत्त माणसं इथे रग्गड आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं काढलेले, विमकोच्या काडेपेटी कारखान्यात काम केलेले, रेल्वेतले, शाळांतले. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर आणि कट्ट्यावर बसलेली ही माणसं आपापल्या परीने एकेक बखर आहेत. त्यांना इतिहासाच्या प्राध्यापकांकडून चार रविवार शिकवून घ्यावं, जे सिद्ध आहे ते कोणतं आणि ऐकीव कोणतं हे पक्कं करून घ्यावं. देऊळ केंद्राची संरक्षित वास्तू आहे, तेव्हा तिथे बोलायला पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घ्यावी. जून ते सप्टेंबर, दर रविवारी सकाळी एक फेरी. पैसे नकोत. गळ्यात एक ओळखपत्र पुरे.

"पण लोकांना वेळ कुठे आहे?" असं मला एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं. त्या मंडपात आठदहा माणसं पाऊण तास उभी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना पावसाने थांबवलं होतं, हे खरं. पण ऐकलं ते स्वतःहून.

दोन गोष्टींसाठी मात्र पैसे लागतील आणि ते खर्च करावेत. एक, पावसात थांबायला आडोसे. दुसरी, बायकांसाठी स्वच्छतागृह. त्या दिवशी आम्ही साठीच्या चौघी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कुलूप बघत फिरलो, शेवटी एका ओळखीच्या घराची बेल वाजवावी लागली. ज्या गावात बाईला दोन तास निर्धास्त फिरता येत नाही तिथे पर्यटनाच्या कमानी उभारून मला काही सांगू नका. कमानीच्या खर्चात चार स्वच्छतागृहं होतील आणि त्यांच्या साफसफाईच्या माणसाचा पगारही निघेल.

आम्ही वाट बघत बसलेलो नाही. चौघींनी एक दोनशे पानी वही घातली आहे. अंबरनाथ देवळाची टिपणं लिहिते, वांगणी रेल्वेची आणि पुराची, मी उल्हास नदीची. विठ्ठलवाडी आईकडून ऐकून लिहून घेते. आईला देवनागरी येत नाही, अरबी वळणाची सिंधी लिपी येते, म्हणून एकीने सांगायचं नि दुसरीने लिहायचं.

परवा विठ्ठलवाडीचा फोन आला. तिने आईला आम्ही पाहिलेल्या बराकीचा फोटो दाखवला होता. आईने चष्मा लावून तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, ही आपली नव्हेच. आपली दोन ओळी मागे, नळाच्या बाजूला. येत्या रविवारी तिला रिक्षाने तिथे घेऊन जायचं ठरलं आहे. पाऊस असेल, असं मुलीने बजावलं, तर म्हणाली, असू दे, तेव्हाही होता.